अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळ रंगवताना गणवेश वारंवार का चुकतो: समस्या निवारण

लढायांसाठी ब्रिटिश शिपायांच्या लघुमूर्ती रंगवणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. एकाच रेजिमेंटसाठी दोन संदर्भ उघडले की दोन वेगळे गणवेश दिसतात. एकात विजार लाल, दुसऱ्यात पांढरी. एकात ग्रेनेडियरच्या, म्हणजे निवडक कंपनीतल्या शिपायाच्या डोक्यावर भरतकाम केलेली उंच कापडी टोपी, दुसऱ्यात अस्वलाच्या कातड्याची. फेसिंगचा, म्हणजे कफ, लॅपल (छातीवर दुमडलेले पलटे) आणि कॉलरचा रंगसुद्धा कधी कधी जुळत नाही. मग दोन्हींतलं थोडं थोडं घेऊन पलटण रंगवली जाते, आणि कोणत्याच वर्षी अस्तित्वात नसलेला शिपाई बेसवर उभा राहतो.

यात बहुतेक वेळा दोन्ही संदर्भ बरोबर असतात. फक्त त्यांची वर्षं वेगळी असतात. रंगाच्या बाटल्या बदलून हा घोळ सुटत नाही, वर्ष पक्कं केलं की सुटतो.

आधी वर्ष, मग रेजिमेंट, मग रंग

ब्रिटिश पायदळाच्या गणवेशाचे तीन मोठे आधार आहेत. पहिला १७४२ चा, हाताने रंगवलेल्या चित्रांचा कपडेपट. यात प्रत्येक रेजिमेंटचा एकेक शिपाई दिसतो. दुसरा १ जुलै १७५१ चा राजाचा हुकूम आणि त्याच सुमाराची डेव्हिड मोरिएची ग्रेनेडियर चित्रं, जी आज ब्रिटिश राजसंग्रहात आहेत. तिसरा १९ डिसेंबर १७६८ चा हुकूम. तुमची लढाई यांपैकी कोणाच्या जवळ पडते ते आधी ठरवा. कलोडन (१६ एप्रिल १७४६) असेल तर १७४२ आणि १७५१ दोन्ही पाहावे लागतात. मिंडेन (१ ऑगस्ट १७५९) किंवा क्वेबेक (१३ सप्टेंबर १७५९) असेल तर १७५१. बंकर हिल (१७ जून १७७५) आणि पुढचं अमेरिकन युद्ध असेल तर १७६८.

१७५१ आणि १७६८ मध्ये किती फरक पडला ते पाहिलं की बहुतेक चुका आपोआप ओळखू येतात.

१७५१ च्या सुमाराला साध्या रेजिमेंटची विजार लाल, राजेशाही रेजिमेंटची निळी. वेस्टकोट लाल, आणि त्याच्या कडेला रेजिमेंटची फीत. कोटाचं अस्तर सहसा फेसिंगच्या रंगाचं, त्यामुळे मागे दुमडलेली कोटाची टोकंही त्याच रंगाची. कफ रुंद आणि मोठे. चित्रांत बहुतेक कोटांना कॉलर दिसत नाही, आणि पायांत गुडघ्यावर जाणारे पांढरे गेटर, म्हणजे बुटांवरून चढवायची कापडी आवरणं. मोहिमेवर मात्र तपकिरी, राखाडी किंवा काळे गेटर घालत. ग्रेनेडियरच्या टोपीचा पुढचा भाग फेसिंगच्या रंगाचा, त्यावर मुकुट आणि राजाची अक्षरं. खालच्या लहान लाल पट्टीवर पांढरा घोडा. मागचा भाग लाल, त्याची खालची दुमड पुन्हा फेसिंगच्या रंगाची आणि तिच्या मधोमध रेजिमेंटचा क्रमांक. काही जुन्या रेजिमेंटना स्वतःचं खास चिन्ह होतं, त्यांची टोपी वेगळी तपासा.

१७६८ नंतर विजार, वेस्टकोट आणि अस्तर पांढरं झालं. बफ, म्हणजे फिक्या चामड्याच्या रंगाचं फेसिंग असलेल्या रेजिमेंटना मात्र हे सगळं बफ मिळालं. वेस्टकोट साधा, बिनफितीचा. लॅपल तीन इंच रुंद आणि कमरेपर्यंत, वर-खाली सारख्या रुंदीचं. कफ लहान, गोल, साडेतीन इंच उंच. गेटर काळे. ग्रेनेडियरची टोपी काळ्या अस्वलाच्या कातड्याची. तलवार सार्जंट, ग्रेनेडियर आणि ढोलवाल्यांकडे राहिली, साध्या कंपनीच्या शिपायाकडची गेली. पट्टेही बदलले: पांढऱ्या वेस्टकोटवाल्यांचे पांढरे, बफवाल्यांचे बफ. हा शेवटचा मुद्दा फार जण विसरतात आणि बफ रेजिमेंटच्या अंगावर पांढरेशुभ्र पट्टे रंगवतात.

मूर्ती स्वतःच तारीख सांगते

रंग लावण्याआधी शिल्प वाचा. हायलँड (स्कॉटिश पहाडी) रेजिमेंट सोडल्या तर अस्वलाच्या कातड्याची टोपी असलेला ग्रेनेडियर १७५९ चा म्हणून रंगवता येत नाही, मग लाल विजार कितीही नेमकी जमलेली असो. मोठे कफ आणि कंबरेला तलवार असलेला साधा शिपाई १७७५ ला चालत नाही. चामड्याची छोटी टोपी आणि आखूड जाकीट असलेला लाइट कंपनीचा, म्हणजे चपळ हलक्या तुकडीचा शिपाई १७७१ नंतरचाच, कारण प्रत्येक बटालियनला कायमची लाइट कंपनी त्या वर्षी मिळाली.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत किरमिजी कमरपट्टा पाहा. तो खांद्यावरून तिरपा असेल तर आधीचा काळ, कमरेभोवती गुंडाळलेला असेल तर १७६८ नंतरचा. एपोलेट (खांद्यावरचे झालरीचे पट्टे) असतील तर मोजा: १७६८ च्या हुकमात ग्रेनेडियर अधिकाऱ्याला दोन, बाकीच्यांना फक्त उजव्या खांद्यावर एक.

मूर्ती आणि तारीख जुळत नसेल तर मूर्तीच्या तारखेची लढाई निवडा. टोप्या कापून पुट्टीने नव्या बनवणं एखाद्या मूर्तीला ठीक आहे, तीस मूर्तींना नाही.

एक रेजिमेंट, तीन गणवेश

४७ वी रेजिमेंट या घोळाचं उत्तम उदाहरण आहे. फेसिंग पांढरं, आणि ते बदललं नाही. तरी ती तीन ठिकाणी तीन प्रकारे रंगवावी लागते.

क्वेबेक, १७५९: लाल वेस्टकोट, लाल विजार, पांढऱ्या पुढच्या भागाची ग्रेनेडियर टोपी, कोटाची दुमडलेली टोकं पांढरी.

बंकर हिल, १७७५: पांढरा वेस्टकोट, पांढरी विजार, पांढरे पट्टे, काळे गेटर, अस्वलाच्या कातड्याची टोपी.

साराटोगा, १७७७: इथे हुकूम बाजूला ठेवावा लागतो. ब्रिटिश सेनापती बर्गॉइनच्या सैन्याचे नवे कपडे कॅनडात वेळेवर पोहोचले नव्हते. म्हणून कोटांची मागची टोकं कापून त्याच कापडाची ठिगळं लावली गेली आणि हॅट कापून छोट्या टोप्या केल्या गेल्या. या सैन्याला तिकोनी हॅट आणि लांब कोट दिले तर प्रत्येक रंग बरोबर असूनही पलटण चुकते.

मोहिमेवरचा गणवेश हुकमापासून दूर जातो तो नेहमी अशाच ठोस कारणांनी: उष्मा, जंगल, उशिरा आलेला माल. १७५५ च्या मोनोंगहेला मोहिमेत जनरल ब्रॅडॉकच्या शिपायांना उन्हाळ्यासाठी जाड लिननचे वेस्टकोट आणि विजारी दिल्या आणि तलवारी मागे ठेवल्या. १७५८ मध्ये लॉर्ड हाऊ यांनी टिकॉन्डेरोगाकडे निघालेल्या सैन्याच्या कोटांची टोकं आणि हॅटची कड कापायला लावली. म्हणून मोहीम ठरली की त्या सैन्याच्या दैनंदिन आदेशवह्या शोधा. पळून गेलेल्या शिपायांच्या वर्तमानपत्री जाहिरातीही शोधा. त्या काळच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत या जाहिराती पुष्कळ सापडतात, आणि माणसाने अंगावर नेमकं काय घातलं होतं ते त्यांत लिहिलेलं असतं. हुकूम काय असायला हवं ते सांगतो, जाहिरात काय होतं ते सांगते.

नाव आणि क्रमांकाचा घोळ

१७५१ पर्यंत रेजिमेंट कर्नलच्या नावाने ओळखली जाई. कर्नल बदलला की नाव बदललं. एकाच वेळी दोन रेजिमेंटचे कर्नल हॉवर्ड होते, म्हणून लोकांनी त्यांना फेसिंगवरून वेगळं केलं: बफ हॉवर्ड म्हणजे ३ री, ग्रीन हॉवर्ड म्हणजे १९ वी. शोधताना नुसतं ‘हॉवर्डची रेजिमेंट’ टाकलंत तर दोघांचे गणवेश मिसळून हाती येतात.

क्रमांकही स्थिर नाहीत. ब्लॅक वॉच ही स्कॉटिश रेजिमेंट फाँटनॉयच्या लढाईत (१७४५) ४३ वी होती आणि नंतर ४२ वी झाली. शिवाय तिचं फेसिंग आधी बफ, १७५८ ला राजेशाही दर्जा मिळाल्यावर निळं. मिंडेनची ५१ वी उभारली गेली तेव्हा ५३ वी होती. २ ऱ्या रेजिमेंटचा क्रमांक कायम राहिला, पण फेसिंग १७५१ ला समुद्री हिरवं आणि १७६८ ला निळं.

सर्वांत फसवा क्रमांक ७८. फ्रेझरची ७८ वी हायलँडर क्वेबेकला लढली आणि १७६३ ला विसर्जित झाली. १७७८ ला सीफोर्थची ७८ वी उभी राहिली, पिवळ्या फेसिंगची, जी १७८६ ला ७२ वी झाली. १७९३ ला तिसरीच ७८ वी उभारली गेली, बफ फेसिंगची. जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३) ७४ व्या हायलँडरबरोबर होती ती ही तिसरी. असईसाठी मूर्ती रंगवणाऱ्याने पिवळ्या फेसिंगचं चित्र पाहून रंग लावला तर चूक कुठून आली ते यावरून कळेल. ७४ वीचं फेसिंग पांढरं.

उपाय साधा आहे. प्रत्येक रेजिमेंटच्या कागदावर क्रमांक, त्या वर्षीचा कर्नल, उभारणीचं वर्ष आणि क्रमांक कधी बदलला हे चारही लिहा, आणि शोध नेहमी क्रमांक व कर्नल दोन्हींनी घ्या.

आपल्याकडच्या लढायांसाठी आणखी एक सावधगिरी. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांसमोर होतं ते ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबई लष्कर, राजाची रेजिमेंट नव्हे. त्याला १७६८ च्या हुकमातले रकाने लावू नका. प्लासीला (१७५७) मात्र ३९ व्या रेजिमेंटची तुकडी होती, हिरव्या फेसिंगची. तिच्या शेजारची कंपनीची युरोपियन तुकडी वेगळी रंगवावी लागते.

संदर्भातला रंग खरा वाटत नाही तेव्हा

संग्रहालयातल्या कोटाचा फोटो पाहून रंग मिसळला की दोन चुका होतात: हिरवं निळसर येतं आणि लाल तपकिरी. त्या काळी हिरवं कापड निळीवर वेल्ड या वनस्पतीचा पिवळा चढवून रंगवत. पिवळा उन्हाने आधी उडतो, निळ टिकते. त्यामुळे आज निळसर दिसणारं फेसिंग तेव्हा बरंच हिरवं होतं. शिपायाच्या कोटाचा लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा, तो उडाला की विटेसारखा होतो. चित्रांतले पिवळे रंगही असेच फिके पडतात, आणि १७४२ च्या कपडेपटाच्या प्रती हाताने रंगवलेल्या असल्याने एका प्रतीची छटा दुसरीशी जुळेलच असं नाही.

म्हणून छटा फोटोतून घेऊ नका, शब्दातून घ्या. हुकमात ‘पिवळा’, ‘फिका पिवळा’, ‘गडद पिवळा’, ‘झगझगीत पिवळा’ असे वेगळे शब्द आहेत. ६ वीचा गडद पिवळा, २० वीचा फिका पिवळा, १३ वीचा वाळल्या पानाचा तपकिरी पिवळा, ५ वीचा हंसाच्या पिलासारखा मळकट पिवळट हिरवा. टेबलावर शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन पिवळ्या रेजिमेंट एकमेकींपासून ओळखू आल्या पाहिजेत. अचूक छटेपेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा.

नंतरच्या काळातली भव्य युद्धचित्रं पुरावा म्हणून वापरू नका. क्वेबेकला पडलेला ब्रिटिश सेनापती वुल्फ याच्या मृत्यूचं बेंजामिन वेस्टचं चित्र १७७० चं आहे, घटना १७५९ ची, आणि त्यातले कित्येक जण त्या क्षणी तिथे नव्हतेच. अधिकाऱ्यांची तैलचित्रं अधिकाऱ्यांपुरती विश्वासार्ह आहेत. तो कोट त्यांनी स्वतःच्या शिंप्याकडून शिवलेला असे, शिपायाचा नव्हे.

फीत: किती दाखवायची

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. १७६८ च्या हुकमात फीत अर्धा इंच रुंद. २८ मिमी मूर्ती साधारण १:५६ धरली तर ती ०.२३ मिमी होते. १:७२ ला ०.१८ मिमी. त्या फितीत आणखी दोन-तीन रंगीत रेघा असतात. त्या रंगवायला गेलात तर फीत तिप्पट जाड होते आणि कोटाचा लाल झाकला जातो. त्याच मापाने लॅपल सुमारे १.४ मिमी, खांद्याचा पट्टा (पावणेतीन इंच) १.२५ मिमी आणि हॅटची पांढरी कड (सव्वा इंच) ०.६ मिमी येते. कड आणि पट्टे ठळक, फीत बारीक, हे प्रमाण सांभाळलं की मूर्ती बरोबर दिसते.

रंगीत रेघांचा परिणाम छटेने आणा. फितीत निळी रेघ असेल तर पांढऱ्यात निळसर राखाडीचा थेंब, पिवळी असेल तर किंचित हस्तिदंती. ५४ मिमी किंवा त्याहून मोठ्या मूर्तीवर मात्र मधली रेघ काढावी. तिथे ती नसली तर जाणवते.

पांढरी फीत लालवर गुलाबी दिसते ती रंग उतरल्याने नव्हे. पातळ केलेला पांढरा पारदर्शक असतो, खालचा लाल डोकावतो. आधी डेक टॅन (व्हॅलेहो मॉडेल कलर ७०.९८६) सारखा झाकणारा राखाडी-बदामी रंग द्या, तो वाळला की वर ऑफ-व्हाइट (७०.८२०). निव्वळ पांढरा शेवटी फक्त उंचवट्यांवर.

लाल, निळा, बफ

शिपाई आणि अधिकारी यांचा लाल एक नव्हता. शिपायाचं कापड मंजिष्ठी, विटकरी झाकेचं. अधिकाऱ्याचं कोचिनीलचं, झळझळीत. सगळ्यांना एकच लाल दिला की पलटण सपाट दिसते. शिपायासाठी हल रेड (७०.९८५) आणि फ्लॅट रेड (७०.९५७) समप्रमाणात पहिला थर, त्यावर घड्या सोडून फ्लॅट रेड, कडांना स्कार्लेटचा (७०.८१७) हलका हात. अधिकाऱ्यासाठी फ्लॅट रेडपासून सुरुवात करून स्कार्लेटपर्यंत जा. लाल उजळायला पांढरा घालू नका, गुलाबी होतो. नारिंगी किंवा त्वचेचा रंग घाला. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) लाल तीन-चार थरांशिवाय बसत नाही. तपकिरी किंवा राखाडी प्रायमर वापरा.

राजेशाही रेजिमेंटचं निळं म्हणजे निळीचं गडद निळं. डार्क प्रशियन ब्लू (७०.८९९) जवळ जातो. आकाशी किंवा चकचकीत निळा वापरला की तो लगेच परका दिसतो.

बफ म्हणजे कमावलेल्या फिक्या चामड्याचा रंग. बाटलीवर बफ लिहिलेला रंग (७०.९७६) थोडा राखाडी वाटतो, त्यात पिवळ्या गेरूचा अगदी थोडा अंश मिसळून घ्या. पिवळ्या रेजिमेंटच्या शेजारी ठेवून पाहा. पिवळा वाटला तर गेरू जास्त झाला.

वारंवार सापडणाऱ्या बारीक चुका

शिपायाची बटणं सोनेरी. अधिकाऱ्यांची जरीची फीत सोनेरी असली तरी शिपायाची बटणं कथलाचीच, म्हणजे मळक्या चंदेरी रंगाची. सोनं-चांदी फक्त अधिकाऱ्याच्या बटणांना, जरीला आणि गळ्यातल्या गॉर्जेटला (चंद्रकोरी धातूच्या पत्र्याला), आणि ती तिन्ही एकाच धातूची.

ढोलवाला लाल कोटात. साध्या रेजिमेंटचा ढोलवाला उलट्या रंगात असतो: कोट फेसिंगच्या रंगाचा, फेसिंग लाल. राजेशाही रेजिमेंटचा मात्र लाल कोट, निळं फेसिंग आणि राजेशाही फीत. १७६८ नंतर लाल फेसिंगच्या रेजिमेंटचा ढोलवाला पांढऱ्या कोटात. ज्यांचे ढोलवाले पांढऱ्या किंवा बफ कोटात, त्यांची विजार, वेस्टकोट आणि अस्तर लाल.

सार्जंटचा किरमिजी पट्टा बिनरेघेचा. त्यात फेसिंगच्या रंगाची रेघ हवी.

बंदुकीची नळी तपकिरी. ती घासून चकचकीत ठेवलेलं लोखंड होतं. बाकीचं धातूकाम पितळी, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा.

रंगवून झालेली पलटण वाचवायची असेल तर

सगळं खरवडू नका. १७७५ साठी रंगवलेल्या मूर्तींना लाल विजार दिली असेल आणि शिल्प १७६८ नंतरचंच असेल, तर डेक टॅनचा एक थर आणि ऑफ-व्हाइटचे दोन पातळ थर एवढ्यात काम होतं. त्याबरोबर दुमडलेली कोटाची टोकं आणि वेस्टकोट बदला, नाहीतर अर्धवट वाटतं. फेसिंग चुकलं असेल तर पूर्ण लॅपल पुन्हा रंगवण्याऐवजी फितींच्या मधल्या जागा भरा, फीत वाचते. बटणं बदलायला प्रत्येकी एक ठिपका पुरतो.

बदल वार्निशवर करत असाल तर आधी मॅट वार्निशचा थर हवा, ग्लॉसवर रंग घसरतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मॅट स्प्रे वापरू नका. हवेतल्या दमटपणाने पांढरी बुरशीसारखी झाक येते आणि गडद लालवर ती सर्वांत जास्त उठून दिसते. ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वार्निश त्या महिन्यांत सुरक्षित. झाक आलीच असेल तर त्यावर ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ थर द्या, बहुतेक वेळा ती निघून जाते. तो एक दिवस वाळू द्या आणि मग ब्रशनेच मॅट लावा.